वकीलकाकांच्या पश्चात : नौपाड्यातल्या एका ऑफिसची आवराआवर

ठाण्याच्या कोर्टात वकील गेल्याची बातमी आली की बार रूमच्या फळ्यावर सूचना लागते. सगळे उभे राहून दोन मिनिटं शांत राहतात, कोणीतरी चार शब्द बोलतं. गेलेल्या माणसाच्या नावावरच्या तारखा मात्र बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामाच्या यादीत, ठरल्या दिवशी येतातच. पुकारा होतो. अशील एक तर गोंधळून उभा राहतो, नाहीतर आलेलाच नसतो, कारण आपली तारीख कधी आहे हे त्याला कधी विचारावंच लागलेलं नसतं. ‘काका बघतील’ एवढंच त्याला माहीत.

हे प्रकरण त्या मधल्या काळाचं आहे. काका गेले, त्यांच्याकडे शेकडो माणसांचे कागद होते, आणि ते ज्याचे त्याला पोचवायचे होते. मी त्यांची जुनिअर. आमचे कारकून भाऊ माझ्याही आधीपासून तिथे होते. काकांचं नाव लिहीत नाही, कुटुंबाची तशी इच्छा आहे. पुढे येणाऱ्या अशिलांचीही ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. नौपाड्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

काकांचे वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत, त्यामुळे कोकणातून आलेली अशी अनेक घरं त्या सुमारास ठाण्यात स्थिरावली. काकांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सनद घेतली. तेव्हा ठाण्यात नगरपालिका होती, महापालिका १९८२ ची. त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत कारखाने बंद पडले, वाड्यांच्या इमारती झाल्या, इमारतींचे टॉवर झाले, घोडबंदर रोड माणसांनी भरला. या प्रत्येक बदलात कोणाचा तरी कागद अडला, आणि तो गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत आला. एवढ्या काळात काकांच्या नावावर गाजलेला निकाल एकही नाही. लॉ रिपोर्ट चाळून त्यांचं नाव सापडणार नाही.

शोकसभेत जो तो ‘गरिबांचा वकील’ म्हणाला. मला तो शब्द खटकला. तो आजकाल कोणालाही लावतात, आणि त्यातून माणूस फी घेत नव्हता एवढंच कळतं. डायरी बघितली तर काका व्यापाऱ्यांकडून, बिल्डरांकडून आणि मोठ्या सोसायट्यांकडून चोख फी घेत होते, तीही आगाऊ. भाव करू पाहणाऱ्याला ‘मग दुसरीकडे बघा’ म्हणायचे.

कायद्याची बाजू

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे वकीलपत्र हे अशील किंवा वकील यांच्यापैकी एकाचा मृत्यू होईपर्यंतच चालतं. म्हणजे ज्या दाव्यात काकांची एकट्याची सही होती, तिथे अशील त्या दिवसापासून विनावकील झाला. ज्यात माझी सही सोबत होती, तिथे माझा अधिकार कायम राहिला. एरवी वकील बदलताना आधीच्या वकिलाची ना-हरकत लागते, इथे तो प्रश्नच नव्हता. नवं वकीलपत्र दाखल केलं की काम झालं. पण ते दाखल करायला अशिलाला आधी कळायला तर हवं. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असला तर दावा काढून टाकला जातो, आमच्या भाषेत डिफॉल्टमध्ये जातो. तो पुन्हा मूळ नंबरावर घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. उशीर झाला तर उशीरमाफीचा वेगळा अर्ज, त्याचं वेगळं भांडण. म्हणून पहिलं काम तारखा शोधण्याचं होतं, आठवणी काढण्याचं नव्हे.

ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर वकिलाच्या नावाने किंवा सनदेच्या नंबराने शोधता येतं. सनदेच्या नंबराने काही दावे मिळाले. नावाने शोधताना अडचण अशी, की नोंद करणाऱ्याने इंग्रजीत आडनाव कधी एका स्पेलिंगने, कधी दुसऱ्याने घातलेलं. भाऊंनी सुचवलं म्हणून चुकीची स्पेलिंगं घालून बघितली, तेव्हा आणखी दावे वर आले. पण काकांचं बरंच काम मुळात दिवाणी कोर्टाबाहेरचं: सहकार न्यायालय, कामगार न्यायालय, जिल्हा उपनिबंधक, धर्मादाय आयुक्त, तहसीलदार. तिथली सुनावणी कधी ठेवली आहे हे नोटिशीवरच असतं, आणि नोटीस फाइलमध्ये असते.

डायरी होती. पण डायरीत पक्षकारांची नावं नव्हती. ‘कोपरी – पाणी’, ‘मावशी गॅलरी’, ‘चरई धाकटा’, ‘मिठाई – भाडं’. काकांना ते पुरे होतं.

फाइल उघडायची कोणी?

काकू आणि त्यांची मुलगी दोघीही मदतीला तयार होत्या. मुलगी बँकेत अधिकारी आहे, कागद कसे लावायचे हे तिला माझ्याहून चांगलं येतं. शिवाय गल्लीतली दोन-तीन निवृत्त मंडळी आली, ‘आम्हाला सगळे ओळखतात, यादी करा, आम्ही घरोघरी वाटून येतो’ म्हणाली. हेतू निर्मळ होता. मी नाही म्हटलं आणि दोन दिवस गल्लीत वाईटपणा घेतला.

अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन काम संपलं तरी संपत नाही. पूर्वी ते पुराव्याच्या कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. हेच बंधन वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे. म्हणून भाऊ फाइलला हात लावू शकत होते, शेजारच्या मास्तरांनी लावणं बरं नव्हतं. आणि हा नुसता कलमाचा मुद्दा नाही. त्या कपाटात सुनेने सासूविरुद्ध लिहून ठेवलेला, पण कधीच न पाठवलेला अर्ज होता. सासू-सून दोघी त्याच गल्लीत राहतात, एकत्र भाजी आणतात. तो अर्ज ‘वाटायला’ गेला असता तर काय झालं असतं?

म्हणून नावांची यादी कुठेच लावली नाही. वकिलाकडे कोण गेलं होतं हीसुद्धा माहितीच आहे. दारावर आणि आसपासच्या सोसायट्यांच्या फलकांवर एवढंच लिहिलं, की ज्यांची कागदपत्रं इथे होती त्यांनी ओळखपत्र घेऊन संध्याकाळी यावं. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे, म्हणून खाली माझं नाव घालताना ‘ॲडव्होकेट’च्या पुढे एक अक्षरही लिहिलं नाही.

मुलीने एक रास्त प्रश्न विचारला. ‘बाबांची फी ज्यांच्याकडे राहिली आहे, त्यांचे कागद तसेच द्यायचे?’ द्यायचे. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. काकांच्या डायरीत थकलेल्या फीपुढे आकडा नसायचाच, ‘नंतर’ असं लिहिलेलं असायचं. काही ‘नंतर’ माझ्या शाळेच्या दिवसांतले होते.

कपाटांची रचना

तीन लोखंडी कपाटं. फाइली नावाच्या अक्षराप्रमाणे नव्हत्या. वर्षाप्रमाणे नव्हत्या, कोर्टाप्रमाणेही नव्हत्या. एका खणात घटस्फोट, त्याला लागून सोसायटीच्या गळतीचा वाद, त्याखाली अपघाताचा दावा. मी हात टेकले. भाऊ चहा पिऊन आले आणि सहज म्हणाले, ‘अहो, ते कोणी पाठवलं त्याप्रमाणे लावलंय.’

आणि खरंच तसं होतं. जांभळी नाक्याचा एक खण: तिथल्या एका भाजीवाल्याने आणलेली माणसं, मग त्या माणसांनी आणलेली माणसं. चेंदणी कोळीवाड्याचा एक. मराठी ग्रंथसंग्रहालयात काका रोज संध्याकाळी पेपर वाचायला जात, तिथल्या ओळखीचा एक. वडिलांच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांचा सगळ्यात मोठा, खालचा, ज्यात आता सोबत्यांची नातवंडं होती. माणूस कोणाच्या ओळखीने आला यावरून त्याची फाइल कुठे जायची हे ठरे. ‘मिठाई – भाडं’ म्हणजे मिठाईवाल्याचं भाडं नव्हे, मिठाईवाल्याने पाठवलेल्या कोणाचं तरी भाडं. हे कळल्यावर डायरी वाचता यायला लागली.

मला वाटतं काकांच्या समाजकार्याबद्दल जे काही बोलायचं ते या रचनेत आहे. त्यांनी संस्था काढली नाही, शिबिरं घेतली नाहीत, फलक लावले नाहीत. ओळखीवर ओळख चढत गेली आणि त्यावर चाळीस वर्षं काम चाललं. जो कोणाच्याच ओळखीचा नव्हता, तो मात्र त्या खोलीपर्यंत पोचलाच नाही. याची खंत त्यांना होती की नाही, मला सांगता येणार नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर ते होते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, कोठडीतल्या माणसाला मिळतो, औद्योगिक कामगाराला मिळतो. काका येणाऱ्या बायकांना हे सांगायचे, पण अर्ज करायला पाठवायचे थोड्याच जणींना. ‘तिथे खेपा पडतात, मीच करतो.’ त्यांचा हा स्वभाव लोकांना आवडायचा. तिथून गेलेल्या प्रत्येक प्रकरणाची सरकारी नोंद झाली असती आणि काका गेल्यावर दुसरा वकील नेमला गेला असता. मीच करतो म्हटल्यावर ते फक्त त्यांच्या डोक्यात राहिलं.

कधीच दावा न झालेले कागद

कपाटातला निम्म्याहून जास्त ऐवज कोर्टाची पायरी न चढलेला होता. हे मला अपेक्षित नव्हतं.

एक फाइल जवळून सांगते. कारखान्याच्या खणातली, पातळ, आत पाचच कागद. वागळे इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपमधला कामगार, २२ वर्षं नोकरी, शेवटचा पगार ३,९०० रुपये. मालकाने हिशेब करताना ग्रॅच्युइटी दिली नव्हती. पहिला कागद एका लग्नपत्रिकेची कोरी मागची बाजू. त्यावर काकांच्या अक्षरात: ३,९०० भागिले २६, १५०. गुणिले १५, २,२५०. गुणिले २२, ४९,५००. त्याखाली दोन रेघा. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) हिशेब असाच होता, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार आणि महिना २६ दिवसांचा धरायचा. महिना ३० चा धरून रक्कम कमी करणारे मालक पुष्कळ असायचे.

दुसरा कागद काकांच्या पत्राची कार्बन प्रत. तिसरा मालकाचं उत्तर: आमच्याकडे आता आठच कामगार आहेत, कायदा दहा कामगारांपासून लागू होतो, सबब देणं लागत नाही. चौथा काकांचं दुसरं पत्र, चार ओळींचं. एकदा कायदा लागू झाला की नंतर कामगार दहाच्या खाली गेले तरी तो लागूच राहतो, हे १९८४ च्या दुरुस्तीने घातलेलं पोटकलम त्यात होतं. शेवटची ओळ अशी: ‘आपले वडील व माझे वडील एकाच लोकलने येत असत. प्रकरण नियंत्रण अधिकाऱ्यांकडे नेण्याची वेळ आणू नये.’ पाचवा कागद चेकची झेरॉक्स. रक्कम ४९,५००, रुपयाचाही फरक नाही. फाइलच्या पुठ्ठ्यावर फीचा रकाना कोरा.

अशा फाइली खूप होत्या. सोसायटीतल्या गळतीचा समझोता, पोटगीची रक्कम दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमोर लिहून घेतलेली, भावाभावांची वाटणी रजिस्टर होण्याआधी पेन्सिलीने काढलेला नकाशा. वकिलाची किंमत त्याने जिंकलेल्या दाव्यांवर करायची आपल्याकडे पद्धत आहे. काकांचं बरंचसं काम दावा होऊ न देण्याचं होतं, आणि त्याची मोजणी कुठल्याच बोर्डावर होत नाही.

कागद न्यायला आलेली माणसं बसून राहायची. भाऊ दोन प्रतींत पोच लिहून घ्यायचे, मी कागद मोजून द्यायचे, आणि तेवढ्यात समोरचा सुरू व्हायचा: त्या वर्षी काय झालं, काका काय म्हणाले. मी आधी घाई करायचे. नंतर लक्षात आलं की बोलता बोलता ते दुसऱ्या कोणाच्या तरी फाइलचा पत्ता सांगून जातात. कोणी कोणाला आणलं होतं हे त्यांनाच ठाऊक होतं.

दोन भाऊ एकाच दिवशी एकाच वाटणीपत्रासाठी आले तेव्हा थोडं जड गेलं. मूळ दस्त ज्याने आणून दिला होता त्याच्या हातात दिला, भाऊंच्या जुन्या आवक वहीत तेवढी नोंद होती. दुसऱ्याला सांगितलं, दस्त नोंदवलेला आहे, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल मिळेल आणि ती कोर्टातही चालते. तो चिडूनच गेला. मृत्युपत्रांची बंद पाकिटं वेगळी काढली होती. ज्यांची माणसं हयात होती त्यांना स्वतः बोलावून दिली आणि नोंदणी कायद्यात जिल्हा निबंधकांकडे बंद पाकिटात मृत्युपत्र ठेवायची सोय आहे, ती वापरा म्हणून सांगितलं. बहुतेकांनी पाकीट पिशवीत टाकलं आणि ‘बघू’ म्हणाले.

सी-१ इमारत

सगळ्यात तातडीचं प्रकरण होतं एका जुन्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे भरून जुन्या भाड्याने घेतलेल्या खोल्यांच्या, इमारतीचं. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, महापालिकेची सी-१ ची नोटीस. ठाण्यात पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी रिकामी न करता दुरुस्त करायची, सी-३ किरकोळ दुरुस्ती. सी-१ म्हटलं की भाडेकरूच्या पोटात गोळा येतो. छत कोसळण्याची भीती असतेच, पण एकदा बाहेर पडलो की मालक परत आत घेणार नाही, ही त्याहून मोठी असते.

या विषयावर काकांचं मत बदललेलं मी डोळ्यांनी पाहिलं. आधी ते ‘ताबा सोडू नका, स्टे आणू’ या पंथाचे होते, जुन्या ठाण्यातले बरेच वकील होते तसे. एप्रिल २०१३ मध्ये शीळ इथे बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली, तेव्हाही ते म्हणाले, ती वेगळी गोष्ट, ते बांधकामच सडकं होतं. मग ४ ऑगस्ट २०१५ ला पहाटे नौपाड्यात बी केबिनजवळची कृष्णा निवास ही जुनी इमारत पडली. ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या आठवड्यात त्यांनी स्टेसाठी तयार केलेले दोन अर्ज दाखलच केले नाहीत. त्या अशिलांना बोलावून सांगितलं: आधी बाहेर पडा, मी हक्क राखून देतो.

हक्क राखायची त्यांची पद्धत ठरलेली होती. खोली सोडण्याआधी महापालिकेकडून प्रत्येकाच्या जागेच्या क्षेत्रफळाचा दाखला. भाडेपावत्या, वीजबिल, रेशनकार्ड यांचा प्रत्येकी एक संच. आतून-बाहेरून फोटो. आणि मालकाला सर्वांच्या सह्यांचं पत्र, की आम्ही नोटिशीमुळे जागा रिकामी करत आहोत, भाडेहक्क सोडत नाही. इमारत महापालिकेने पाडली म्हणून भाडेकरार संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या शहा रतनसी खिमजी यांच्या प्रकरणात म्हटलं आहे. काका त्या निकालाची झेरॉक्स भाडेकरूंना वाचायला द्यायचे. इंग्रजी आहे म्हणून कोणी वाचायचं नाही, पण हातात असली की माणसं सामान बांधायला लागायची.

या इमारतीत हे सगळं झालं होतं, इमारत पाडूनही झाली होती. मालक दुसऱ्या कोणाला जागा देऊ पाहतोय अशी कुणकुण लागल्यावर काकांनी दावा दाखल केला होता. मुंबईत असे भाड्याचे दावे लघुवाद न्यायालयात जातात, ठाण्यात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे. वकीलपत्रावर सही त्यांची एकट्याची. पुढची तारीख त्यांच्या तेराव्याच्या आधी होती. चुकीच्या स्पेलिंगखाली सापडलेल्या दाव्यांपैकी हा एक.

तारखेला भाडेकरूंपैकी चौघांना घेऊन मी उभी राहिले आणि पुरशीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली, की वादींच्या वकिलांचं निधन झालं असून नवीन वकीलपत्रासाठी मुदत मिळावी. न्यायाधीशांनी मुदत दिली. समोरच्या वकिलांनीही हरकत घेतली नाही, उलट बाहेर येऊन काकांची चौकशी केली.

खरी अडचण पुढे होती. त्या इमारतीतल्या एका आजींच्या जागेच्या पावत्या सासऱ्यांच्या नावावर. सासरे गेले, मग नवरा गेला. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ७(१५)(ड) प्रमाणे भाडेकरू मरण पावला त्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो, पण बरोबर राहत होतो हे दाखवायला काहीतरी लागतं. आजी ठामपणे म्हणत होत्या, की जुन्या मालकाने, म्हणजे आताच्या मालकाच्या वडिलांनी, नवऱ्याच्या नावाने भाडं घेतल्याचं लिहून दिलेलं पत्र त्यांनी काकांना दिलं होतं. मूळ पत्र. झेरॉक्स नाही. इमारतीच्या फाइलमध्ये ते नव्हतं. दाव्यासोबतच्या यादीतही नव्हतं.

तिन्ही कपाटं झाली. मिळेना. मालकाकडचे लोक सगळ्या भाडेकरूंना एकेकटं गाठत होते, आणि आजींना ‘तुमच्याकडे काय पुरावा आहे’ असं विचारून झालं होतं. आजींच्या सुनेने मला तोंडावर सांगितलं, ‘विश्वासाने दिलं होतं, पावतीसुद्धा मागितली नाही.’ यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. काकांनी पावती द्यायला हवी होती. मूळ कागद घेतला की पोच द्यायची, हे ते आम्हाला शिकवायचे आणि ओळखीच्या माणसाला स्वतः द्यायचे नाहीत. ओळखीच्या माणसाला पावती देणं त्यांना परकेपणाचं वाटायचं.

शेवटी भाऊंनी आजींना भलताच प्रश्न विचारला. ‘तुम्हाला पहिल्यांदा इथे कोण घेऊन आलं?’ इमारतीच्या दाव्यासाठी नव्हे, त्याच्याही आधी. आजी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, नवरा गेल्यावर फंडाचे पैसे अडले होते, तेव्हा कोळीवाड्यातली मासे विकणारी बाई घेऊन आली होती. चेंदणी कोळीवाड्याच्या खणात, प्रॉव्हिडंट फंडाच्या बारीकशा फाइलमध्ये, मृत्यूच्या दाखल्याच्या मागे पत्र होतं. घडीवर पिवळं पडलेलं, खाली जुन्या मालकाची सही आणि रेव्हेन्यू तिकीट.

नवीन कागदांच्या यादीसोबत ते हजर केलं.

सध्या काय आहे

ऑफिसची खोली पागडीचीच होती, ती काकूंच्या नावावर करायचं मालकाशी बोलणं चालू आहे. काकांनी आपल्या स्वतःच्या भाडेपावत्या मात्र नीट, वर्षवार, एका पुठ्ठ्यात लावून ठेवल्या होत्या. न नेलेल्या फाइली एका कपाटात मावतील इतक्या राहिल्या आहेत. त्यांची आता नावाच्या अक्षराप्रमाणे यादी केली आहे, आणि समोर एक रकाना ‘कोणाकडून’ असाही ठेवला आहे. भाऊ माझ्याकडे येतात, पण अर्धा दिवसच.

सी-१ इमारतीच्या भाडेकरूंनी वकीलपत्र मला दिलं. मी फी सांगितली तेव्हा वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, ‘काकांनी तर आमच्याकडून काही घेतलं नव्हतं.’ खरं होतं. डायरीप्रमाणे त्यांनी खालच्या दुकानदारांकडून पूर्ण फी घेतली होती आणि वरच्यांची त्यातच धरली होती. हे दुकानदारांना पहिल्यापासून माहीत होतं, त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता बोलून दाखवलं. मग वर्गणी खोलीमागे घ्यायची की चौरस फुटामागे यावर वादावादी झाली, गृहस्थ उठून गेले, परत आले. शेवटी खोलीमागे सारखी आणि दुकानांना दुप्पट असं ठरलं, आजींचा वाटा मिठाईवाल्यांनी आपल्यात घेतला. त्यांनी एक वहीही घातली आहे. कोणी कोणता मूळ कागद कोणाकडे दिला याची नोंद आणि समोर घेणाऱ्याची सही. पहिली सही माझी आहे. मालकाच्या वकिलांनी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करायला मुदत मागितली आहे, पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची.